भिंतीत शिरलेले अस्तर

स्टाफरूममधले एक ओळखीचे दृश्य आठवून पाहा. मधल्या सुट्टीत एक बाई टेबलावर डोके टेकून बसल्या आहेत. पुढचा तास आठवीवर आहे आणि तासभर उभे राहायचे आहे. शेजारच्या बाई हळूच विचारतात, "परत का?" त्या नुसती मान हलवतात. कोणी पर्समधून गोळी काढून देते. कोणी म्हणते, "पाळी म्हटली की दुखायचंच, सहन करावं लागतं." आणखी एक जण म्हणते, "माझंही असंच व्हायचं. शेवटी पिशवी काढून टाकली, सुटले एकदाची!" घंटा होते. बाई उठतात आणि वर्गावर जातात.

या पाच मिनिटांत त्यांना दोन सल्ले मिळाले. सहन करा, नाहीतर काढून टाका. या दोन टोकांच्या मध्ये वैद्यकशास्त्राजवळ सांगण्यासारखे बरेच काही आहे. ते आपण एका आजाराच्या निमित्ताने पाहू या. त्याचे नाव ॲडिनोमायोसिस. ग्रीक भाषेत 'ॲडेन' म्हणजे ग्रंथी आणि 'मायो' म्हणजे स्नायू. स्नायूत ग्रंथी सापडतात असा हा आजार. मराठीत त्याला रूढ नाव नाही. बहुतेक वेळा "पिशवीला सूज आहे" एवढेच सांगितले जाते. पण गर्भाशयातील गाठी, जंतुसंसर्ग अशा अगदी वेगळ्या आजारांनाही हेच शब्द वापरतात. म्हणून 'सूज' म्हणजे नेमके काय, हा पहिला प्रश्न.

गर्भाशयाची भिंत

पाठ्यपुस्तकातली गर्भाशयाची आकृती आपल्या परिचयाची आहे. उलट्या धरलेल्या पेरूच्या आकाराचा, साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीचा हा अवयव. त्याची भिंत जाड असते आणि ती जवळजवळ सगळी स्नायूंची असते. आतल्या पोकळीला मऊ अस्तर असते. या अस्तरात असंख्य नळीसारख्या ग्रंथी असतात. दर महिन्याला इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने अस्तर वाढते, अंडमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे ते गर्भ रुजण्यासाठी तयार होते, आणि गर्भधारणा झाली नाही तर त्याचा वरचा भाग गळून पडतो. हीच पाळी. अस्तराचा तळाचा पातळ थर मात्र जागेवरच राहतो. शेतात कापणीनंतर खुंट राहावेत आणि त्यांना पुन्हा फुटवा यावा, तसे या थरातून पुढच्या महिन्याचे अस्तर उगवते.

आता एक बारकावा लक्षात घेऊ. आतडे किंवा मूत्राशय यांच्या भिंतीत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये संयोजी ऊतीचा एक वेगळा थर असतो. गर्भाशयात असा मधला थर नाही. अस्तर थेट स्नायूवरच बसलेले असते. इतर अवयवांत दोन शेजाऱ्यांमध्ये कुंपण आहे, इथे नाही. ॲडिनोमायोसिसमध्ये अस्तराच्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीची ऊती या स्नायूच्या भिंतीत खोलवर सापडतात. जणू त्यांनी हद्द ओलांडलेली असते.

ही हद्द का ओलांडली जाते, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही. एक मत असे, की गर्भाशयाच्या सततच्या आकुंचनामुळे किंवा बाळंतपण, क्युरेटिन, सिझेरियन यांसारख्या कारणांनी हद्दीवर इजा होते आणि ती भरून येताना अस्तराच्या तळाच्या पेशी खाली उतरतात. दुसरे मत असे, की गर्भावस्थेत स्नायूत राहून गेलेल्या मूळ पेशींपासूनच ही ऊती तयार होते. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी अशा स्नायूत शिरलेल्या ग्रंथींमध्ये 'केरास' या जनुकातील बदल शोधून काढले. तेच बदल जवळच्या अस्तरातही आढळले. त्यामुळे अस्तरच खाली उतरते या मताला बळ मिळाले. असे बदल असले तरी हा आजार कर्करोग नव्हे, हे इथेच स्पष्ट करायला हवे.

त्रास कशामुळे होतो?

स्नायूत शिरलेली ही बेटे संप्रेरकांना प्रतिसाद देत राहतात. काही बेटांमध्ये पाळीच्या काळात रक्तस्रावही होतो, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. भोवतालचे स्नायू जाड होतात. परिणामी गर्भाशय सगळ्या बाजूंनी फुगते आणि त्याचा आकार पेरूऐवजी चेंडूसारखा होतो. जास्त तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने स्नायूंना पिळवटून आकुंचन पावायला लावतात. ओटीपोटातली कळ, कंबर धरणे, मांड्यांपर्यंत जाणारी वेदना ही त्यातूनच येते. पोकळी मोठी झाल्याने गळणारे अस्तर वाढते, रक्तवाहिन्याही वाढतात, आणि अंगावरून जास्त जाऊ लागते. काही जणींना दिवस राहण्यात अडचण येते किंवा गर्भपात होतो. याउलट, अंदाजे एक तृतीयांश स्त्रियांना हा आजार असूनही कोणताच त्रास जाणवत नाही.

'जास्त जाते' म्हणजे किती? एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते अतिरिक्त समजतात. म्हणजे पोह्यांचे पाच-सहा चमचे. घरी कोणी मोजत बसत नाही, पण खुणा आहेत. तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, आठ दिवसांहून जास्त काळ पाळी चालणे.

एक छोटा हिशेब करून पाहू. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे ८० मिलिलिटर रक्ताबरोबर ४० मिलिग्रॅम लोह जाते. पाळी सोडूनही त्वचा, आतडे यांच्या झिजणाऱ्या पेशींबरोबर शरीर रोज सुमारे १ मिलिग्रॅम लोह गमावते, महिन्याचे ३०. एकूण खर्च ७०. जमा किती? आपल्या जेवणातून रोज १ ते २ मिलिग्रॅम लोहच रक्तात शोषले जाते, म्हणजे महिन्याला ३० ते ६०. खर्च जमेपेक्षा जास्त. घरचा असा हिशेब असेल तर शिल्लक संपायला वेळ लागत नाही. जिना चढताना धाप, चक्कर, सतत थकवा ही त्या तुटीची लक्षणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला आहार आणि इतर कारणे आहेतच, पण रक्तक्षय असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देताना "पाळीत किती जातं?" हे विचारलेच पाहिजे. टाकीला भोक असेल तर नुसता नळ सोडून उपयोग नाही.

काढल्यावरच कळणारा आजार

१८६० मध्ये व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने गर्भाशयाच्या स्नायूंत अस्तरासारख्या ग्रंथी पाहिल्या. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील टॉमस कलन यांनी असे पुष्कळ नमुने तपासून १९०८ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. भिंतीतल्या ग्रंथी आणि पोकळीचे अस्तर एकमेकांशी जोडलेले असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९२५ मध्ये फ्रांकल यांनी या आजाराला आजचे नाव दिले.

या सगळ्यांनी जे पाहिले, ते शरीराबाहेर काढलेल्या गर्भाशयात. भिंतीचा काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, हाच निदानाचा मार्ग. क्युरेटिन करून अस्तर खरवडून तपासले तरी भिंतीच्या आत काय आहे ते समजत नाही. भिंतीवरचा रंग खरवडून आतली ओल कळणार नाही, तसेच. त्यामुळे विसाव्या शतकाचा बराचसा काळ निदान आणि शस्त्रक्रिया यांची जोडी पक्की होती. आजाराची खात्री व्हायची ती अवयव गेल्यावर.

आम्हाला शिक्षकांच्या दृष्टीने विशेष वाटते ती पुढची गोष्ट. १९७२ मध्ये बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या गर्भाशयांचे नेहमीसारखे मोजके काप तपासले, तेव्हा सुमारे ३१ टक्के गर्भाशयांत हा आजार दिसला. त्याच गर्भाशयांचे आणखी सहा-सहा काप घेतल्यावर आकडा ६१ टक्क्यांवर गेला! आजार वाढला नव्हता, शोध वाढला होता. किती बारकाईने पाहिले हे माहीत नसेल, तर नुसत्या टक्केवारीला अर्थ नसतो.

दुसरी गोष्टही अशीच. हा चाळिशी-पन्नाशीतल्या, मुलेबाळे झालेल्या बायकांचा आजार, असे पुस्तकांत वर्षानुवर्षे लिहिले गेले. पण गर्भाशय काढले जात होते कोणाचे? मुख्यतः याच बायकांचे. विशीतल्या मुलीचे गर्भाशय सूक्ष्मदर्शकाखाली येणारच कसे? नमुना ज्या गटातून घेतला, त्या गटाचे गुण आपण आजाराला चिकटवले. पुढे शरीराच्या आत पाहता येऊ लागले, तेव्हा विशी-तिशीतल्या आणि मूल न झालेल्या स्त्रियांमध्येही हा आजार दिसला. वर्गात सर्वेक्षण घेताना 'नमुना कुठून घेतला?' हा प्रश्न आपण शिकवतो. त्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

आता आत पाहता येते

१९८० च्या दशकात एमआरआय तंत्र आले. त्यात अस्तराच्या लगतचा स्नायूंचा एक काळसर पट्टा वेगळा दिसू लागला. निरोगी गर्भाशयात हा पट्टा बहुधा ८ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १२ मिलिमीटर किंवा जास्त जाड दिसला, तर ॲडिनोमायोसिसचा दाट संशय घेतात. पण एमआरआय महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. आपल्याकडे पहिली तपासणी असते ती सोनोग्राफीची. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय जवळून दिसते, त्यामुळे ती पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा इथे अधिक उपयोगी पडते. अविवाहित मुलींमध्ये पोटावरून सोनोग्राफी करतात आणि गरज वाटल्यास एमआरआय.

सोनोग्राफीत काय दिसते? चेंडूसारखे गर्भाशय, पुढची-मागची भिंत असमान जाड, स्नायूत बारीक पाण्याच्या पुटकुळ्या, पांढुरकी बेटे, आणि जपानी पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या सावल्या. प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत वर्णन करू लागला तर तुलना होणार नाही, म्हणून तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ मध्ये या खुणांची समान भाषा ठरवली आणि २०२२ मध्ये ती सुधारली. तरीही कोणतीच तपासणी अचूकतेची हमी देत नाही. पाहणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा असतो.

सर्वांत जास्त गल्लत होते ती फायब्रॉइडशी, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीशी. फरक समजण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. कणकेच्या गोळ्यात एक आवळा घालून वरून लिंपला, तर कणीक बाजूला करून आवळा अख्खा काढता येतो. फायब्रॉइड तसा असतो, त्याला स्वतःची कड असते. कणकेत तीळ घालून ती मळली तर मात्र तीळ वेगळे काढता येत नाहीत. ॲडिनोमायोसिस बहुधा असा असतो. क्वचित तो एकाच जागी गोळा झालेला असतो, तेव्हा चित्र निराळे. एकाच गर्भाशयात दोन्ही आजार असणेही नवलाचे नाही.

अतिरिक्त रक्तस्रावामागे हाच आजार असेल असेही नाही. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाने २०११ मध्ये कारणांचे नऊ गट केले. मोड, ॲडिनोमायोसिस, फायब्रॉइड आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था हे चार तपासणीत दिसू शकणारे. रक्त न गोठण्याचे विकार, अंडमोचनातील बिघाड, अस्तराचे दोष, औषधांचे परिणाम आणि उरलेली कारणे हे पाच न दिसणारे. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड अशा रक्ततपासण्या लागतात. पंचेचाळिशीनंतर अतिरिक्त रक्तस्राव सुरू झाला, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेले, किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर थांबू नये. तिथे अस्तराचा तुकडा तपासणे गरजेचे ठरू शकते.

कोणाला कोणता उपचार?

त्रास नसेल आणि आजार केवळ सोनोग्राफीत दिसला असेल, तर उपचाराची गरजच नसते. पाळी कायमची थांबली की इस्ट्रोजेन कमी होते आणि हा त्रासही बहुधा निवतो. त्यामुळे खरा प्रश्न असतो, तोपर्यंतची वर्षे कशी काढायची? उत्तर वय, मूल हवे आहे की नाही, त्रास किती आणि बाकी प्रकृती कशी यावर अवलंबून असते.

पहिली पायरी साध्या गोळ्यांची. मेफेनॅमिक ॲसिडसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखतात. म्हणून वेदना टिपेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतली तर जास्त उपयोग होतो. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही, त्यामुळे रक्तस्राव बराच कमी होतो. हे औषध १९६२ मध्ये जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी जगापुढे आणले. ते फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायचे असते. ज्यांना पूर्वी शिरेत गुठळी झाली आहे, त्यांना ते देत नाहीत. सोबत लोहाच्या गोळ्या हव्यातच.

दुसरी पायरी संप्रेरकांची. इथे सर्वाधिक उपयोगी ठरलेले साधन म्हणजे गर्भाशयात बसवायचे, तांबीसारखेच दिसणारे पण तांब्याऐवजी लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असलेले साधन. ते फिनलंडमध्ये विकसित झाले आणि १९९० मध्ये प्रथम तिथेच वापरात आले. रोज सुरुवातीला सुमारे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा पन्नास हजारावा भाग, औषध जागच्या जागी सुटत राहते. अस्तर पातळ होते, रक्तस्राव आणि वेदना घटतात. रक्तस्रावासाठी ते पाच वर्षे काम देते. पहिले काही महिने थेंब थेंब रक्त जात राहते. हे आधी सांगितले नाही तर अनेक जणी घाबरून ते काढून टाकतात. साधी तांबी आणि हे साधन यांत गल्लत करू नये, कारण साध्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. याशिवाय डायनोजेस्टसारख्या गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्याही देतात. आणखी तीव्र उपाय म्हणजे पियूषिका ग्रंथीचा अंडाशयांना जाणारा निरोपच थांबवणारी इंजेक्शने. त्यांनी तात्पुरती रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघतात, हाडे विरळ होऊ लागतात. म्हणून ती ठरावीक महिनेच देतात.

मूल हवे असणाऱ्या स्त्रीचा मार्ग वेगळा, कारण यांतली बहुतेक संप्रेरके गर्भधारणा थांबवतात. आजार एकाच जागी असेल तर तेवढा भाग काढून भिंत शिवता येते. पण कणीक-तिळाचे उदाहरण आठवा. सीमा नसल्याने काहीतरी मागे राहते, आणि शिवलेली भिंत पुढच्या गरोदरपणात फाटण्याचा धोका असतो. गर्भाशयाच्या रोहिणीत बारीक कण सोडून रक्तपुरवठा कमी करण्याची पद्धतही काही मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध आहे, परंतु पुढे मूल हवे असेल तर ती सहसा सुचवली जात नाही.

शेवटी गर्भाशय काढण्याचा प्रश्न. मुले झाली आहेत, औषधे करून पाहिली आहेत, तरी त्रास हटत नाही, अशा स्त्रीला ही शस्त्रक्रिया खरोखर सुटका देते. स्टाफरूममधल्या त्या बाईंचे "सुटले एकदाची" खोटे नव्हते. प्रश्न आहे तो क्रमाचा. शेवटची पायरी पहिली होऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळचे त्यांचे मध्यक वय पस्तिशीच्या आसपास आहे, आणि निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले ते अतिरिक्त रक्तस्राव किंवा पाळीतील वेदना. आपल्याच राज्यात २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जिथे पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड होतो, तिथे 'काढून टाका' हा सल्ला आजार पाहून दिला-घेतला जात नाही. केंद्र सरकारने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला.

आणखी एक मुद्दा. 'पिशवी काढली' असे म्हणताना कधी कधी अंडाशयेही काढलेली असतात आणि बाईला ते माहीतच नसते. ॲडिनोमायोसिससाठी अंडाशये काढण्याची गरज नसते. ती तरुण वयात गेली तर एका दिवसात रजोनिवृत्ती येते आणि पुढे हाडांना व हृदयाला धोका वाढतो.

म्हणून डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून न्यावेत. माझ्या पिशवीला नेमके काय झाले आहे? त्याची खात्री कशावरून? शस्त्रक्रियेआधी कोणते उपचार करून पाहता येतील, आणि किती महिने? शस्त्रक्रिया केलीच तर अंडाशये ठेवणार ना? यातला एकही प्रश्न उद्धट नाही. चांगल्या डॉक्टरांना ते आवडतातच.

हजेरीपट पाहताना

शिक्षकांच्या हातात एक साधन असे आहे, जे कोणत्याही दवाखान्यात नाही. ते म्हणजे हजेरीपट. नववी-दहावीतली एखादी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर दिसते का? बहुतेक मुलींचे पाळीतले दुखणे कोणत्याही आजाराशिवायचे असते आणि साध्या गोळीने, पोट शेकल्याने थांबते. पण गोळी घेऊनही जिची शाळा दर महिन्याला बुडते, तिला बाईंनी बाजूला घेऊन विचारावे आणि आईला निरोप द्यावा की एकदा डॉक्टरांना दाखवा. तिला "सगळ्यांनाच दुखतं" असे सांगून वर्गात बसवू नये.

आणि प्रजननसंस्थेचा धडा शिकवताना गर्भाशयाची आकृती फळ्यावर काढली, की अस्तर आणि स्नायू वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी दाखवावेत. मध्ये कुंपण नाही, हेही सांगावे. त्या वर्गातल्या काही मुलींना ही माहिती पंधरा-वीस वर्षांनी कामी येईल. आणि मुलग्यांनाही, घरातल्या बाईचे दुखणे समजून घेताना.